काकू, माझा हात दिसला होता ना?

काकू, काल तुमच्या शोकसभेत हेमंतजींनी तुम्हाला ‘मितभाषी’ म्हटलं. मी मान खाली घातली. शेजारच्या जोशी सरांना वाटलं मला रडू आलंय, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरं सांगायचं तर मी हसू दाबत होतो. दूधवाला, गॅसवाला, कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर, टीव्हीतला बातम्या सांगणारा, यांतल्या एकाशी तरी वाद घातल्याशिवाय तुमची सकाळ कधी सरली नाही. मितभाषी म्हणे! पण पुढचं वाक्य आलं, "काकूंचं कधी कुणाशी दुमत झालं नाही," आणि माझं हसू पळालं. कारण माझं तुमच्याशी एक भांडण अर्धवट राहिलंय. ते मिटायच्या आधीच तुम्ही निघून गेलात, आणि मला त्याचा राग आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरतोय.

काल जे झालं ते तुम्हाला सांगायचंय. पण तुम्हाला कुठलीही गोष्ट मधूनच सांगितलेली चालत नसे. "शुरू से सांग ना रे, सिरियल नको करू," म्हणायचात. म्हणून सुरुवातीपासून सांगतो, तुम्हाला माहीत असलं तरी.

मी साताऱ्याहून इंदूरला आलो तो पीथमपूरच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी. लोकमान्य नगरात तुमच्या घराची वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच सकाळी तुम्ही पोह्यांची बशी घेऊन जिना चढून आलात आणि मी नको म्हणायच्या आत वर जिरावण भुरभुरवलंत. पोह्यावर हा कसला मसाला, असं मी विचारलं. "हे इंदूर आहे बेटा. पोहे खायचे तर असे, नाहीतर गाडी पकडून परत सातारा." मग माझ्या कामाची चौकशी झाली. मी म्हटलं, क्वालिटीत आहे, मशीनमधून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर संशय घ्यायचा, हेच काम.

"फक्त संशय घेतो? आणि त्याची तनखा मिळते?"

"मिळते."

"मग तर आमच्या गल्लीत आधे लोकांना मिळायला पाहिजे भिया!"

तुम्ही एवढं मोठ्यानं हसलात की खालून कुत्रं भुंकलं. माझं लग्न झालं, संसार वाढला, पण मी ती वरची जागा सोडली नाही. उलट मागची खोलीही तुमच्याकडून मागून घेतली.

मंडळात मला नेलं तुम्हीच. रविवारी सकाळी मी लोळत पडतो हे तुम्हाला बघवत नसे. पलीकडच्या गल्लीतला तो हॉल, निळ्या सतरंज्या, समोर साध्या पाटावर बसलेले गुरुजी. ते प्रवचन करत नसत. तासभर सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, मग आलं घातलेला चहा आणि गप्पा. मला कुणी गोत्र विचारलं नाही, पगार विचारला नाही, म्हणून मी टिकलो. आणि तिथली एक रीत मला इतकी आवडली की मी साताऱ्याला आईलाही फोनवर सांगितली होती.

मंडळात मतदान नव्हतं. एखादी गोष्ट ठरवायची असली की ती तीनदा मोठ्यानं वाचायची. सगळ्यांनी डोळे मिटायचे. ज्याला मान्य नाही त्यानं उजवा हात वर करायचा. हॉलमध्ये एकच माणूस डोळे उघडे ठेवून समोर उभा राहणार, तो साक्षी. साक्षीनं हात पाहायचे, मग ते खाली घ्यायला सांगायचं, आणि एक तर म्हणायचं, ‘सर्वांची संमती आहे,’ नाहीतर म्हणायचं, ‘अजून विचार व्हावा.’ एक जरी हात वर असला तरी विचार व्हावा. हात कुणाचा होता हे साक्षीनं कुणाला सांगायचं नाही आणि हातवाल्यानंही नाही. गुरुजींचं म्हणणं असं की शेजाऱ्याचा हात बघून कुणी आपला हात ठरवू नये, आणि विरोध करणाऱ्याला नंतर कुणी टोमणे मारू नयेत.

साक्षी तुम्ही होतात. मी यायच्या कितीतरी आधीपासून.

गुरुजी असताना ही रीत चोख चालायची, हे मी कबूल करतो. एकदा त्यांनी स्वतःच मांडलं की साधनेनंतरचा चहा बंद करू, चहापायी लोक साधनेत घड्याळ बघतात. डोळे मिटले, आणि तुमचा खणखणीत आवाज आला, "अजून विचार व्हावा!" गुरुजी खळखळून हसले. तो विचार पुढे कधी झाला नाही आणि चहा चालू राहिला. तुमच्या आवाजातला आनंद ऐकून मला वाटलं होतं की हॉलभर हात वर असणार.

मग गुरुजी गेले.

त्यांच्या जागी कोण, याबद्दल लोकांच्या मनात दोन नावं होती. एक सुलभाताई. घरात कुणी आजारी पडलं, मुलगा घर सोडून गेला, नवराबायकोचं बिनसलं, की माणसं त्यांच्याकडे जायची. गुरुजींचे डोळे गेल्यावर साधना त्याच चालवत होत्या. तुमच्या तर मैत्रीण. उन्हाळ्यात तुमच्या गच्चीवर दोघींचे पापड आणि दोघींचं भांडण एकाच वेळी वाळत पडलेलं असायचं. दुसरे हेमंतजी, गुरुजींचे पुतणे. तोपर्यंत ते मंडळात फक्त गुरुपौर्णिमेला दिसत. पण बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपणच कमी पडतोय.

सभेत नाव एकच वाचलं गेलं, हेमंतजींचं. तिथेच मला खटकलं. त्याच्या आदल्या आठवड्यात ते तुमच्याकडे आले होते. मी जिन्यावरून त्यांचे चकचकीत बूट तुमच्या दाराशी पाहिले. तुमचं दार कधी बंद नसायचं, त्या दिवशी होतं. चहा दोनदा झाला, हे मला कपबशांच्या आवाजावरून कळलं. इतकं कान देऊन ऐकायला नको होतं, पण काकू, माझा धंदाच तसा.

सभेत नाव तीनदा वाचलं. डोळे मिटले. मी हात वर केला. खांद्याशी अडकलेला नव्हे, सरळ, कोपर ताठ. तुम्ही माझ्यापासून दोन सतरंज्या दूर उभ्या होतात. न दिसायला काही कारणच नव्हतं. आणि तुमचा आवाज आला, "हात खाली. सर्वांची संमती आहे."

मी डोळे उघडले तेव्हा टाळ्या सुरू होत्या. सुलभाताई पहिल्या ओळीत होत्या. त्याही टाळ्या वाजवत होत्या. त्यांचा चेहरा मी पाहिला, आणि तो मला अजून दिसतो. त्यांना खुर्ची नको होती, हे सगळं इंदूर सांगेल. पण इतक्या वर्षांच्या उठबशीनंतर त्या भरल्या हॉलमध्ये आपल्यासाठी एकही हात वर गेला नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळलं.

रिक्षात मी तुम्हाला विचारलं, "काकू, माझा हात दिसला नाही का?"

तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "साक्षी बोलत नाही रे."

"पण मी विचारतोय ते माझ्याच हाताबद्दल."

"तो पण बोलत नाही. चुपचाप बैठ. भैया, पुढून लेफ्ट घेणे."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. पोह्यांवर झालं, गच्चीवर झालं, गणपतीचे मोदक वळताना झालं. मी विचारायचो आणि तुम्ही भाजीचा भाव काढायच्या. सगळा पालथ्या घड्यावर पाणी प्रकार. एकदा मी म्हटलं, आमच्याकडे सगळ्या वस्तूंचं माप तंतोतंत सारखं आलं तर आम्ही पेढे वाटत नाही, मोजायचा गेजच अडकलाय का ते बघतो. तुम्ही म्हणालात, "माणसं म्हणजे तुझे नटबोल्ट थोडीच आहेत?" मी म्हटलं, तेच तर म्हणतोय. तुम्ही उठून कुकर लावायला गेलात. कुकर आधीच लावलेला होता.

आणि गेज अडकलेलाच राहिला. हेमंतजी आल्यापासून मंडळात एकदाही ‘अजून विचार व्हावा’ ऐकू आलं नाही. मंडळाचा बेटमा गावातला आश्रम ‘विशेष साधकां’पुरता ठेवायचा, सर्वांची संमती. विशेष कोण ते हेमंतजी ठरवणार, सर्वांची संमती. आणि काकू, चहा! साधनेनंतरचा चहा बंद, सर्वांची संमती. त्या रविवारी सभा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर गेलो तर अख्खं मंडळ तिथे उभं. ग्लास हातात धरून प्रत्येक जण शेजाऱ्याला विचारत होता, "अरे, लेकिन मान्य कुणी केलं?" आणि प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगत होता, "मी तर हात वर केला होता!" त्यांतले किती खरे आणि किती फेकू, हे ओळखायची सोय नव्हती. हातच्या काकणाला आरसा लागत नाही म्हणतात, पण आमचं काकण फक्त तुम्हाला दिसायचं.

हेमंतजींचा आवडता शब्द पारदर्शकता. "देखिए, आपल्या मंडळात टोटल ट्रान्सपरन्सी राहणार," असं म्हणून त्यांनी हॉलच्या बाजूला काचेचं ऑफिस बांधून घेतलं. महिन्याभरात काचेला आतून जाड पडदे लागले. मी तुम्हाला दाखवलं. तुम्ही म्हणालात, "ऊन येतं रे."

"उत्तरेकडून?"

"तुला ना, देवानं डोळे नाही दिले, टॉर्च दिलाय."

मग तुम्हाला न्यायला मंडळाची गाडी येऊ लागली. हॉलमध्ये समोर तुमच्यासाठी गादीची खुर्ची आली. मी विचारलं, काकू, गाडी कशाची? तुम्ही म्हणालात, गुडघ्यांची. उत्तर इतकं पटकन आलं की ते आधीपासून तयार असावं असं मला वाटलं. तुमचे गुडघे खरंच दुखायचे, हे मला माहीत होतं. रात्री तेल लावताना तुमचं कण्हणं वर ऐकू यायचं. तरी मी त्या गाडीकडे चोरीचा माल पाहावा तसं पाहायचो. तुम्ही खिडकीतून हात हलवायच्या आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

सुलभाताईंनी त्या सभेनंतर हळूहळू येणं बंद केलं. दोनतीन जणी त्यांच्या घरी गेल्या, म्हणाल्या, "ताई, आम्ही तुमच्याच बाजूनं होतो हो." त्या हसून तुमचं नाव घेत म्हणाल्या, "मग कुसुमताईंना एक पण हात कसा नाही दिसला?" हे मला त्यांच्याच शेजारणीनं सांगितलं. आणि तेव्हा मला समजलं की तुम्ही माझं काय नेलंत. मी जाऊन त्यांना खरं सांगितलं असतं तरी ते त्याच दोनतीन जणींच्या रांगेत जाऊन बसलं असतं. तुमच्या एका वाक्यानं सगळे खरे हात खोटे करून टाकले. ज्यांनी वर केले त्यांचे, आणि ज्यांनी केले नाहीत त्यांचेही, एकाच भावानं. माझा हात खरा होता हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते भाजीचा भाव सांगत होतं.

पुढे त्या देपालपूरला भावाकडे राहायला गेल्या. भावाची धान्याची आडत, मागे घर. गच्चीवर त्या वर्षी पापड झाले नाहीत. तुम्ही बाजारातून पाकीट आणलंत, एक तळलात आणि म्हणालात, "ह्याच्यात हिंगच नाही." उरलेलं पाकीट कितीतरी दिवस डब्याच्या वर तसंच पडून होतं.

आता हॉस्पिटलमधलं. हे कुणालाच माहीत नाही, म्हणून ते मी हळू सांगतो.

दुपारची वेळ. तुमचा लेक अभय औषधं आणायला खाली गेला होता. ऊन तुमच्या तोंडावर येत होतं म्हणून मी उभा राहून पडदा ओढत होतो. पडद्याची कडी अडकली होती, त्यामुळे हात वर गेलेला. मला वाटलं तुम्ही झोपल्या आहात. मागून आवाज आला, अगदी बारीक.

"प्रमोद, हात खाली घे आता. थकला असशील."

"अडकलाय पडदा, काकू."

"पडद्याचा नाही रे. तेव्हाचा. दिसला होता मला."

मी तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी तुमच्याशी भांडलो ते आलं, आणि मला धड वळताही येईना. वळलो आणि विचारलं, "अजून कुणाचे होते?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "सुलभाताईंना सांगा ना. मी फोन लावून देतो." तुमच्या डोळ्यांच्या कडेला पाणी आलं, ते कानापर्यंत गेलं. ते मी रुमालानं पुसलं. मग अभय आला, नर्स आली, आणि त्यानंतर तुम्ही पाणी, हूं आणि अभय याशिवाय काही बोलला नाहीत.

काकू, मला बरं वाटलं आणि त्याहून जास्त चीड आली. मला सांगून काय उपयोग होता? माझा हात वर होता हे मला माहीतच होतं की. ज्यांना सांगायचं त्या देपालपूरला बसल्या होत्या.

तर आता कालचं.

हॉल गच्च भरला होता. बाहेर चपलांचा ढीग. टपरीवरचे सगळे होते, दूधवाला होता, कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हरही येऊन मागे उभा राहिला, त्याच्याशी तर तुम्ही रोज भांडायच्या. आणि मागच्या भिंतीशी सुलभाताई. केस पार पांढरे झालेत. देपालपूरहून बसनं आल्या. तुमच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या, फूल ठेवलं, आणि फोटोची जराशी वाकडी झालेली चौकट सरळ केली.

भाषणं झाली. मितभाषी वगैरे झालं. मग हेमंतजींनी कॉलरचा माईक नीट केला आणि म्हणाले, "साक्षीची जागा रिकामी ठेवता येत नाही. रीत अशी आहे की आधीचा साक्षी पुढच्याचं नाव सांगून जातो. काकूंनी मला कधीच सांगून ठेवलं होतं, माझ्यानंतर प्रमोद. म्हणाल्या होत्या, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात." आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसले की माझ्या अंगावर काटा आला.

पहिला संशय अर्थातच तुमच्यावर. जाता जाता मलाही त्या गादीच्या खुर्चीत बसवून गेलात की काय? पण उठून पुढे जाताना, सतरंजीच्या कडेकडेनं पाय टाकताना, मला उलगडलं. हेमंतजींना माहीतच नाही. मी त्यांच्याविरुद्ध हात वर केला होता, चहाला केला होता, बेटम्याला केला होता, आणि हा माणूस मला स्वतःहून साक्षी करतोय! म्हणजे इतक्या वर्षांत, त्या बंद दारामागे, त्या दोन चहांमध्ये, त्या गाडीत, तुम्ही माझं नाव एकदाही तोंडातून काढलं नाहीत. कुणाचंच काढलं नसणार. तुम्ही खोटं बोललात, पण चुगली केली नाहीत. मी तुमच्यावर घेतलेले निम्मे संशय तिथे सतरंजीवर गळून पडले. उरलेले निम्मे घेऊन मी पाटाजवळ जाऊन उभा राहिलो.

हेमंतजींना घाई होती. "काकूंच्या स्मृतीला साक्ष ठेवून एक छोटासा विषय घेऊन टाकू," म्हणाले. तो छोटासा विषय तीनदा वाचला गेला: मंडळाची धुरा यापुढे कायम गुरुघराण्यातच राहील. म्हणजे त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा, आणि मग त्याचा. डोळे मिटा म्हणाले. सगळ्यांनी मिटले.

काकू, तुम्ही काय पाहत होतात ते मी काल पाहिलं.

मिटलेल्या डोळ्यांचे इतके चेहरे एकदम पाहिले की माणूस हळवा होतो. सगळे लहान मुलांसारखे दिसत होते. मग हात येऊ लागले. एक खांबाआडून आला. एक पुढच्याच्या पाठीमागे लपवून. एक नुसता कानापर्यंत, खाजवल्याचं सांगता येईल असा. जोशी सरांचा, जे सूत्रसंचालन करतात आणि हेमंतजींच्या नावाआधी चार विशेषणं लावतात, त्यांचा हात सगळ्यांत ताठ. टपरीवरचे फेकू नव्हते, काकू. निदान सगळे नव्हते.

आणि मग मी खाली पाहिलं. पहिल्या ओळीत हेमंतजी बसले होते. त्यांचे डोळे उघडे होते. हॉलकडे त्यांची पाठ, त्यामुळे हात त्यांना दिसत नव्हते. ते माझ्या डोळ्यांकडे बघत होते. माझी नजर कुठे थांबते, कुणावर अडते, ते वाचत होते. मी झटकन पंख्याकडे पाहिलं. तुम्हीही पंख्याकडे बघायच्या का? म्हणूनच का अलीकडे तुमचं ‘सर्वांची संमती’ इतकं घाईनं यायचं, आम्ही नीट डोळे मिटायच्या आत? ‘विचार व्हावा’ म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून हात शोधायचं काम सुरू झालं असतं, आणि शोधणाऱ्यानं पहिली कडी तुमच्याच दाराची वाजवली असती. असं असेल तर तुम्ही आम्हाला वाचवत होतात. किंवा स्वतःला. किंवा गाडीला. मला माहीत नाही. मी तुमच्यावर प्रेम करतो म्हणून पहिलं मानावंसं वाटतं, आणि नेमकं म्हणूनच मी त्यावर संशय घेतो. पण एवढं मात्र नक्की. आम्हाला वाचवताना तुम्ही सुलभाताईंना बुडवलंत, आणि ते तुम्हाला ठाऊक होतं. हिंग नसलेला पापड उगाच नाही घशाशी अडकला.

हॉल वाट बघत होता. तुमचं वाक्य माझ्या जिभेवर आयतं तयार होतं. ते किती सोपं आहे हे मला कळलं.

मी म्हटलं, "डोळे मिटलेलेच राहू द्या. आता मी सगळ्यांना डोळे उघडायला सांगणार आहे. ज्यांना हात खाली घ्यायचा त्यांनी आत्ताच घ्या, मी तुमचं नाव घेणार नाही. ज्यांना ठेवायचा त्यांनी तसाच ठेवा."

हेमंतजी म्हणाले, "प्रमोदजी, ये क्या..."

पुष्कळ हात खाली गेले. खांबामागचा गेला, कानापाशी होता तोही गेला. मला त्यांचा राग नाही आला. जोशी सरांचा मात्र खाली येत नव्हता. आणखी काही राहिले. मग मी माझा उजवा हात वर केला, कोपर ताठ, आणि म्हटलं, "उघडा."

सभा कशी मोडली ते तुम्हाला आवडलं असतं. हेमंतजी म्हणाले, आज शोकसभा आहे, विषय पुढे घेऊ, साक्षीच्या नावाचाही फेरविचार करू. म्हणजे शेवटी ‘अजून विचार व्हावा’ त्यांच्याच तोंडून निघालं. माझं साक्षीपद पोह्यांना फोडणी बसायला लागते तेवढा वेळ टिकलं. मागे कुणीतरी म्हणालं, "अरे, चहाचं पण काढा ना आजच!" आणि शोकसभेत हशा पिकला. तुमच्या शोकसभेत हशा, बरोबरच झालं. पण जोशी सरांशी त्यानंतर त्या ओळीतलं कुणी बोललं नाही, हेही मी पाहिलं. त्यांना मी घरापर्यंत सोडलं.

माझा हात मात्र मी खाली घ्यायला विसरलो होतो. गर्दी हलू लागली तरी मी तसाच पाटाजवळ उभा. सुलभाताई मागून पुढे आल्या. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी पण हा वर होता. काकूंना दिसला होता, त्यांनी मला हॉस्पिटलमध्ये सांगितलं. अजून कुणाकुणाचे होते ते नाही सांगितलं."

त्या वळल्या. तुमच्या फोटोकडे खूप वेळ बघत राहिल्या. मला वाटलं फोटोशी भांडतील, गच्चीवर भांडायच्या तशा. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि हात हळूच खाली आणला.

"घ्या खाली आता," म्हणाल्या. "दिसला."

काकू, एवढंच वाक्य तुम्हाला त्यांना सांगायचं होतं.